वर्धा जिल्ह्यातील सरपण

सरपण म्हणजे स्वयंपाक, पाणी तापवणे, शेकोटी आणि इतर घरगुती गरजांसाठी जाळण्यात येणारे लाकूड, काटक्या व शेतातील वाळलेला काडीकचरा. महाराष्ट्रातील विदर्भ विभागात असलेल्या वर्धा जिल्ह्यात सरपणाचा मोठा भाग झाडे तोडून नव्हे, तर वेचून व गोळा करून मिळवला जात आला आहे. कापसाची पऱ्हाटी, तुरीची तुऱ्हाटी, धुऱ्यावरच्या बाभळीच्या फांद्या, गावसामाईक जमिनीवरील झुडपे आणि जंगलातील पडलेले लाकूड हे त्याचे प्रमुख स्रोत आहेत. स्वयंपाकाच्या गॅसचा प्रसार झाल्यानंतरही ग्रामीण भागात चूल पूर्णपणे विझलेली नाही. दुसरीकडे, पेट्रोलवर चालणाऱ्या साखळी करवतीमुळे (चेनसॉ) उभे झाड तोडून त्याचे तुकडे करणे सोपे झाले आहे. त्यामुळे सरपण कोण मिळवतो, कोठून मिळवतो आणि त्यातून झाड टिकते की जाते, या तिन्ही बाबतींत फरक पडला आहे.

## संज्ञा

प्रमाण मराठीत जाळण्याच्या लाकडाला सरपण, जळण किंवा जळाऊ लाकूड असे म्हणतात. विदर्भाच्या ग्रामीण बोलीत त्यासाठी 'इंधन' हा शब्दही सर्रास वापरला जातो. कापसाची बोंडे वेचून झाल्यावर शेतात उभ्या राहिलेल्या वाळक्या झाडांना पऱ्हाटी किंवा पराटी, तर तुरीच्या वाळक्या झाडांना तुऱ्हाटी किंवा तुराटी म्हणतात. डोक्यावरून वाहून नेण्याजोग्या बांधलेल्या लाकडांना मोळी किंवा भारा अशी नावे आहेत. दोन शेतांमधील हद्दीच्या पट्ट्याला पश्चिम महाराष्ट्रात बांध म्हणतात; वर्ध्यात त्याला धुरा हा शब्द रूढ आहे. शेणाच्या वाळवलेल्या थापट्या म्हणजे गोवऱ्या. होळीसाठी मध्ये छिद्र ठेवून केलेल्या लहान गोवऱ्यांना विदर्भात चाकोल्या म्हणतात आणि त्यांच्या माळा होळीत टाकल्या जातात.

## भौगोलिक पार्श्वभूमी

वर्धा जिल्ह्यात वर्धा, सेलू, देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर, आर्वी, आष्टी आणि कारंजा (घाडगे) असे आठ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १३,००,७७४ होती आणि तिच्यातील सुमारे दोन तृतीयांश लोक ग्रामीण भागात राहत होते. वर्धा नदी जिल्ह्याला अमरावती व यवतमाळ जिल्ह्यांपासून वेगळे करते.

सरपणाच्या दृष्टीने जिल्ह्याचे दोन भाग पडतात. आर्वी, आष्टी, कारंजा आणि सेलू या तालुक्यांत टेकड्या व पानझडी जंगल आहे. साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह, सालई, पळस आणि बांबू ही तेथील प्रमुख वनस्पती. हिंगणघाट, देवळी, समुद्रपूर आणि वर्धा तालुक्यांचा बराचसा भाग काळ्या मातीच्या सपाट शेतजमिनीचा आहे. तेथे कापूस, सोयाबीन व तूर ही मुख्य पिके असून सलग जंगल कमी आहे. त्यामुळे जंगलालगतच्या गावांत लाकूड, तर मैदानी गावांत पऱ्हाटी, तुऱ्हाटी आणि धुऱ्यावरची झाडे यांवर चूल अधिक अवलंबून असते.

## सरपणाचे स्रोत

### शेतातील काडीकचरा

कापसाची वेचणी संपल्यावर साधारणपणे जानेवारी ते मार्च या काळात पऱ्हाटी उपटली जाते. ती हाताने किंवा चिमट्यासारख्या लोखंडी साधनाने मुळासकट ओढून काढतात आणि बंडीतून घराकडे आणतात. एका हेक्टरमधून सुमारे दोन ते तीन टन वाळकी पऱ्हाटी मिळू शकते. ती लवकर पेटते व ज्योत मोठी देते. मात्र बारीक असल्याने तितक्याच लवकर जळून जाते आणि चुलीत सतत सारत राहावी लागते. तुऱ्हाटी त्याच प्रकारची असून तिचा उपयोग सरपणाखेरीज कूड, ताटवे व कुंपण यांसाठीही होतो.

पऱ्हाटीचे ढीग घराजवळ किंवा शेताच्या कडेला पावसाळ्यापर्यंत राखून ठेवण्याची रीत जुनी आहे. गुलाबी बोंडअळीच्या प्रादुर्भावामुळे तिचा प्रश्न निर्माण झाला. या अळीच्या काही पिढ्या सुप्तावस्थेत जातात आणि न उमललेल्या, झाडावरच राहिलेल्या बोंडांत महिनोन्‌महिने टिकून राहतात. पुढील हंगामात त्यांतून पतंग बाहेर पडतात आणि नव्या पिकावर अंडी घालतात. २०१७ च्या हंगामात विदर्भातील कापसाचे या अळीमुळे मोठे नुकसान झाले. कापसाचा हंगाम डिसेंबर-जानेवारीत संपवावा, फरदड घेऊ नये, पऱ्हाटी शेतात किंवा शेताजवळ साठवू नये, अशी शिफारस कृषितज्ज्ञ करतात. पऱ्हाटीचे यंत्राने बारीक तुकडे करून ती जमिनीत गाडणे किंवा तिच्या कांड्या (ब्रिकेट) बनवण्यासाठी विकणे हे पर्याय त्यासाठी सुचवले जातात. शेतासाठी उपयुक्त असलेला हा सल्ला ज्या कुटुंबाची उन्हाळ्यातील चूल पऱ्हाटीवर चालते, त्याच्यापुढे मात्र नवी अडचण उभी करतो. विशेषतः भूमिहीन मजूर कुटुंबांना दुसऱ्याच्या शेतातील पऱ्हाटी उपटून देण्याच्या बदल्यात ती घरी नेण्याची मुभा मिळत असे. शेतातच यंत्राने तुकडे झाल्यास हा स्रोत बंद होतो.

### धुऱ्यावरची झाडे

धुऱ्यावर बाभूळ, हिवर, बोर, पळस, कडुनिंब, चिंच व आंबा ही झाडे आढळतात. त्यांपैकी बाभूळ सरपणासाठी सर्वांत महत्त्वाची आहे. तिचे लाकूड जड, कठीण आणि संथ जळणारे असून निखारा बराच वेळ टिकतो. बंडी, वखर, डवरा, तिफण अशा अवजारांच्या भागांसाठीही तेच वापरले जात असे. शेळ्यांना तिच्या शेंगा व पाला मिळतो, तर छाटलेल्या काटेरी फांद्यांची कुंपणे होतात. परंपरेने शेतकरी उन्हाळ्यात बाभळीच्या फांद्या छाटून घेत आणि खोड राखून ठेवत. अशा छाटणीमुळे एकाच झाडापासून अनेक वर्षे सरपण मिळत राहते.

### गावसामाईक जमीन आणि जंगल

गायरान, नदी-नाल्यांचे काठ, रस्त्याच्या कडा आणि झुडपी जंगल म्हणून नोंद असलेल्या जमिनी येथूनही काटक्या गोळा केल्या जातात. अशा ठिकाणी वेडी बाभूळ, बोर, पळस व इतर झुडपे वाढलेली असतात. सामाजिक वनीकरणाच्या काळात, म्हणजे १९८० च्या दशकापासून, लावलेली सुबाभूळ व निलगिरी ही झाडेही सरपणाच्या वापरात आली. महाराष्ट्रात सामाजिक वनीकरण संचालनालय १९८२ मध्ये स्थापन झाले. गावकऱ्यांना जळाऊ लाकूड व चारा गावाजवळच मिळावा, हा सामाजिक वनीकरणाचा एक हेतू होता.

जंगलात मुख्यत्वे वाळून पडलेल्या फांद्या, वादळात मोडलेली झाडे आणि पूर्वीच्या तोडीतील खुंट व फांद्या वेचल्या जातात.

## लाकडाची प्रत व वाळवण

सरपणाची प्रत लाकडाची घनता आणि त्यातील ओलावा यांवर ठरते. धावडा, बाभूळ आणि खैर ही जड लाकडे दीर्घकाळ जळतात. सालई, पांगारा यांसारखी हलकी लाकडे चटकन जळून जातात. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकते. ते चुलीत घातल्यास बरीचशी उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते, ज्वलन अपुरे राहते आणि धूर वाढतो. हवेत नीट वाळवलेल्या लाकडात १५ ते २० टक्के ओलावा उरतो.

वर्ध्याचा उन्हाळा कडक असतो. मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. त्यामुळे उन्हाळ्याआधी फोडून ठेवलेले लाकूड पावसाळ्यापूर्वी वाळून तयार होते. सालीसह राहिलेला ओंडका सावकाश वाळतो, तर फोडलेल्या ढलप्यांचा अधिक पृष्ठभाग हवेला लागत असल्याने त्या लवकर वाळतात. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी सरपण गोठ्यात, पडवीत किंवा उंचवट्यावर रचून वर पत्रा अथवा ताडपत्री टाकण्याची पद्धत आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोरडे सरपण मिळणे कठीण असल्याने ही साठवण महत्त्वाची ठरते.

## श्रमाची विभागणी

रोजचे सरपण गोळा करणे हे काम प्रामुख्याने स्त्रिया व मुलींकडे असते. शेतातील मजुरीवरून परतताना काटक्या वेचणे, सकाळी लवकर जंगलाच्या कडेला जाऊन मोळी आणणे आणि घरी आल्यावर स्वयंपाकाला लागणे, असा हा क्रम असतो. डोक्यावरील मोळीचे वजन सामान्यतः २० ते ३० किलो असते. लाकूड जितके दूर, तितका वेळ अधिक जातो आणि मान, पाठ व गुडघ्यांवरील ताण वाढतो. या श्रमाला बाजारभाव नसल्याने 'फुकट मिळणारे सरपण' अशी त्याची गणना होते. प्रत्यक्षात त्याची किंमत वेळेच्या व आरोग्याच्या रूपाने मोजली जाते.

मोठे झाड तोडणे, ओंडके फोडणे आणि बंडीत भरणे ही कामे पुरुष करतात. ही विभागणी साधनांशी जोडलेली आहे. स्त्रीच्या हाती विळा, कोयता किंवा आकडी लावलेली लांब काठी असते. कुऱ्हाड, करवत, घण व पाचर ही साधने पुरुषांच्या हाती असतात. साखळी करवतीने ही दरी आणखी रुंद केली आहे.

## साखळी करवत

### रचना

साखळी करवतीच्या आरंभीच्या विकासात जर्मनीतील कारागीर व उद्योजकांचा मोठा वाटा होता. आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी आणि १९२९ मध्ये पेट्रोलवर चालणारी करवत तयार केली. प्रारंभीची यंत्रे दोन माणसांनी धरावी लागत. दुसऱ्या महायुद्धानंतर एका माणसाला पेलतील अशी यंत्रे प्रचलित झाली.

सध्या वापरात असलेल्या यंत्रात सामान्यतः दोन-स्ट्रोक पेट्रोल इंजिन असते. त्यासाठी पेट्रोलमध्ये उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात टू-टी तेल मिसळावे लागते, कारण या इंजिनाला वंगणासाठी स्वतंत्र तेल नसते. इंजिनाची गती वाढल्यावर केंद्रोत्सारी क्लच दातेरी चक्र फिरवतो आणि त्यावरून दातांची साखळी लोखंडी पट्टीभोवती धावते. साखळी व पट्टी यांच्यासाठी वेगळ्या टाकीतून तेल पुरवले जाते. हे तेल संपल्यास पट्टी तापते आणि साखळी झिजते. दात बोथट झाले की भुशाऐवजी बारीक पूड पडू लागते. अशा वेळी गोल कानशीने प्रत्येक दाताला धार लावतात.

### ग्रामीण वापर

जिल्ह्यातील खेड्यांत साखळी करवत अनेकदा भाड्याने किंवा चालकासह उक्त्या कामावर आणली जाते. वादळात रस्त्यावर किंवा घरावर पडलेले झाड हटवणे, शेतातील झाड काढणे, ओंडक्यांचे चुलीच्या मापाचे तुकडे करणे आणि अंत्यविधीसाठी लाकूड तयार करणे ही तिची नेहमीची कामे होत. पारंपरिक दहनाला साधारणतः ३०० ते ४०० किलो लाकूड लागते. पावसाळ्यात ऐनवेळी एवढे लाकूड कुऱ्हाडीने तोडणे अवघड असल्याने या कामी यंत्राचा मोठा उपयोग होतो.

कुऱ्हाडीने एक जाड बाभूळ पाडून तिचे तुकडे करायला दोन माणसांचा दिवस जातो. साखळी करवतीने तेच काम थोड्या तासांत होते. यामुळे धुऱ्यावरचे संपूर्ण झाड विकत घेऊन, पाडून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून नेणे व्यापाऱ्याला परवडू लागले. शेतकऱ्याच्या दृष्टीने झाडाची सावली लगतच्या ओळींतील पीक कमी करते, फांद्या ट्रॅक्टरला अडतात आणि वाटण्या झाल्यावर धुऱ्यावरील झाडाच्या मालकीवरून वाद होतात. त्यामुळे रोख रक्कम घेऊन झाड देणे त्याला सोयीचे वाटते.

फांद्या छाटणे आणि बुंध्यापासून तोडणे यांतील फरक येथे निर्णायक ठरतो. सुबाभूळ, पळस, साग व कडुनिंब यांच्या खुंटांना फुटवे येतात आणि काही वर्षांत पुन्हा लाकूड मिळते. बाभळीच्या खुंटाला मात्र फुटवे फारसे येत नाहीत. ती बियांपासूनच पुन्हा वाढवावी लागते आणि नवे रोप शेळ्यांपासून व नांगरटीपासून काही वर्षे राखावे लागते. म्हणून छाटणीने पिढ्यान्‌पिढ्या सरपण देणारे झाड जमिनीलगत कापले की तो स्रोत संपतो. झाडाची रक्कम शेतमालकाला मिळते. त्याच्या पडलेल्या काटक्या वेचणाऱ्या शेजारच्या मजूर कुटुंबाला त्यातील काही मिळत नाही.

### सुरक्षितता

साखळी करवत हे ग्रामीण वापरातील सर्वांत धोकादायक हातयंत्रांपैकी एक आहे. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की यंत्र क्षणार्धात चालकाच्या तोंडाकडे उसळते. हा झटका रोखण्यासाठी पुढील हँडलपाशी साखळीचा ब्रेक असतो. तो काढून टाकणे किंवा नादुरुस्त ठेवणे जीवघेणे ठरू शकते. शिरस्त्राण, डोळ्यांचे व कानांचे संरक्षण, हातमोजे, मजबूत बूट आणि साखळी अडवणाऱ्या धाग्यांची विजार ही या कामाची संरक्षक साधने आहेत. यंत्र दोन्ही हातांनी धरणे, खांद्याच्या वर न उचलणे आणि शिडीवर उभे राहून न वापरणे हे मूलभूत नियम आहेत.

झाड पाडताना ज्या दिशेला ते पडायला हवे, त्या बाजूस प्रथम पाचरीच्या आकाराची खाच घेतात. नंतर विरुद्ध बाजूने काप घेताना मध्ये बिजागरीसारखी लाकडाची पट्टी शिल्लक ठेवतात. ही पट्टी झाड सावकाश व ठरलेल्या दिशेने झुकवते. ती पूर्ण कापली गेल्यास झाड कोठेही पडू शकते. धुऱ्यावरच्या झाडांत कुंपणाच्या तारा व खिळे खोडात रुतलेले असतात. साखळी त्यावर आदळली तर दात तुटतात आणि तुकडे उडतात. वीजवाहिनीजवळचे झाड वीजपुरवठा बंद केल्याशिवाय तोडणे धोक्याचे असते.

## कायदेशीर चौकट

### निस्तार

स्वातंत्र्यपूर्व काळात वर्धा जिल्हा मध्य प्रांतात होता आणि येथे मालगुजारी पद्धत होती. गावकऱ्यांना गावातील पडीक जमीन व जंगलातून जळाऊ लाकूड, घरबांधणी व अवजारांसाठी लाकूड आणि चराई मिळवण्याचे जे रूढ हक्क होते, त्यांना निस्तार म्हणत. मालगुजारी नष्ट करणारा मध्य प्रदेशचा कायदा १९५० मध्ये झाला आणि १९५१ पासून या जमिनी शासनाकडे आल्या. १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, तरी निस्ताराची संकल्पना टिकली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १६१ व पुढील तरतुदींत निस्तार पत्रकाची व्यवस्था आहे. गावातील बिनभोगवट्याच्या जमिनीवरून चराई व जळाऊ लाकूड कोणत्या अटींवर मिळेल, याची नोंद या पत्रकात होते. दुसऱ्याच्या जमिनीवरील किंवा पाण्यावरील रूढ हक्कांची नोंद वाजिब-उल-अर्ज या दस्तऐवजात केली जाते.

### वनविषयक कायदे

भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात परवानगीशिवाय झाड तोडणे, फांद्या छाटणे, साल काढणे किंवा वनोपज नेणे हा गुन्हा आहे. अभयारण्यातील वनोपज काढण्यावर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे आणखी कडक निर्बंध आहेत.

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ ने पात्र वननिवासींचे सामूहिक हक्क मान्य केले. त्यात निस्ताराचा उल्लेख नावानिशी आहे. या कायद्यातील गौण वनोपजाच्या व्याख्येत काटक्या-झुडपे व खुंट यांचा समावेश होतो, इमारती लाकडाचा होत नाही. या कायद्याखालील २००८ च्या नियमांत गौण वनोपजाच्या वाहतुकीसाठी डोक्यावरील ओझे, सायकल व हातगाडी यांचा उल्लेख होता. २०१२ च्या सुधारणेने त्याऐवजी योग्य वाहतूक साधनांची मुभा दिली.

### खासगी जमिनीवरील झाडे

खासगी जमिनीवरील झाड मालकाचे असले, तरी ते तोडण्याची मुभा सरसकट नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ, खैर, चंदन, ऐन, बिजा, हळदू, तिवस, हिरडा, अंजन इत्यादी झाडे आहेत. ती तोडण्यासाठी सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. बाभूळ व कडुनिंब या अनुसूचीत नाहीत. धुऱ्यावरच्या सरपणाचा मुख्य आधार असलेले झाडच अशा प्रकारे या संरक्षणाबाहेर राहते.

### झुडपी जंगल

झुडपी जंगल ही पूर्व विदर्भातील महसुली नोंद असून ती वर्ध्यासह नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत आढळते. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ च्या निकालात या जमिनी १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानुसार वन समजाव्यात असे ठरवले. १९९६ पूर्वी वाटप झालेल्या जमिनींबाबत वेगळी वागणूक देण्यात आली. गावालगतच्या काटक्या वेचण्याच्या अनेक जागा याच नोंदीत येत असल्याने या निकालाचा संबंध सरपणाशीही येतो.

## वन्यप्राणी आणि सरपण

बोर अभयारण्य १९७० मध्ये घोषित झाले आणि २०१४ मध्ये त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. सुमारे १३८ चौ. किमी गाभा क्षेत्र असलेला हा देशातील सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे. गाभा लहान असल्याने वाघांचा वावर लगतच्या शेतांत व वनखंडांतही होतो. २०१७ मध्ये ब्रह्मपुरी भागातून पकडून आणलेली एक वाघीण बोरच्या क्षेत्रात सोडण्यात आली. माणसांवरील हल्ल्यांनंतर तिला ठार करण्याचा आदेश निघाला. ऑक्टोबर २०१७ मध्ये शेताच्या कुंपणातील विजेच्या धक्क्याने तिचा मृत्यू झाला.

काटक्या वेचणारी व्यक्ती वाकलेली असते, झुडपांत वावरत असते आणि तिचे लक्ष जमिनीकडे असते. त्यामुळे अचानक गाठ पडण्याचा धोका वाढतो. एकट्याने न जाणे, पहाटे व संध्याकाळी जंगल टाळणे आणि बोलत राहणे असे उपाय सुचवले जातात. जंगलावरील अवलंबन कमी करण्यासाठी महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये सुरू केलेल्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून संरक्षित क्षेत्रालगतच्या गावांत अनुदानित गॅस जोडण्या देण्यात आल्या.

## चूल आणि मगनवाडी

कमी सरपणात जास्त स्वयंपाक व्हावा, या प्रश्नावर वर्धा शहरात फार पूर्वी काम सुरू झाले. डिसेंबर १९३४ मध्ये महात्मा गांधींच्या प्रेरणेने अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेत, मगनवाडी येथे, त्याचे मुख्यालय होते. मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ या जागेला हे नाव मिळाले. अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा हे संघाचे प्रमुख संघटक होते. १९३८ मध्ये येथे मगन संग्रहालय सुरू झाले. 'मगन चूल' या नावाने ओळखली जाणारी धूरविरहित चूल मगनवाडीतील कार्यातून पुढे आली. बंद मातीची चूल, एका जाळावर एकापेक्षा अधिक भांडी आणि धूर छपराबाहेर नेणारे धुराडे हे तिचे मुख्य विशेष होते. शेण जाळण्याऐवजी त्याचे खत व्हावे, हाही ग्रामोद्योग विचारातील आग्रह होता. गोवरी चुलीत गेली की शेताचे खत कमी होते, असा त्यामागचा हिशेब होता.

पुढे १९७६ मध्ये देवेंद्र कुमार यांनी वर्ध्यात ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र स्थापन केले. केंद्र शासनाने १९८० च्या दशकात राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम राबवला. तो २००२ मध्ये बंद झाला. अशा चुलींचे यश दुरुस्तीवर अवलंबून राहिले. धुराडे काजळीने भरले किंवा मातीला तडे गेले की चूल पूर्वीसारखीच धूर देऊ लागते.

धुरातील सूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर जातात. त्यामुळे लहान मुलांना न्यूमोनिया आणि प्रौढांना दीर्घकालीन श्वसनविकार होण्याचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरगुती वायुप्रदूषणामुळे २०२० मध्ये जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले.

## गॅस आणि सरपण

१ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेमुळे गरीब कुटुंबांतील स्त्रियांच्या नावे गॅस जोडण्या मिळाल्या. तरीही अनेक घरांत गॅस व चूल दोन्ही चालतात. चहा, भाजी किंवा पाहुण्यांचा स्वयंपाक गॅसवर होतो. आंघोळीचे पाणी, मोठ्या घराच्या भाकरी आणि समारंभाचा स्वयंपाक चुलीवर होतो. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले रोडगे किंवा खापरावरच्या लांब पोळ्या यांसारख्या विदर्भातील पदार्थांसाठी चूल व विस्तवच लागतो.

दोन्ही इंधनांची तुलना उष्णतेच्या हिशेबाने करता येते. एक किलो गॅसमध्ये सुमारे ११,००० किलोकॅलरी, तर हवेत वाळलेल्या एक किलो लाकडात सुमारे ३,५०० किलोकॅलरी उष्णता असते. गॅसच्या शेगडीची कार्यक्षमता ६० टक्के व पारंपरिक चुलीची १२ टक्के धरल्यास १४.२ किलोच्या एका सिलिंडरइतकी उपयुक्त उष्णता मिळवण्यासाठी सुमारे २२० किलो लाकूड लागते. २२ किलोची एक मोळी धरली, तर या दहा मोळ्या होतात. सिलिंडरसाठी एकरकमी रोख पैसे लागतात. दहा मोळ्यांसाठी रोख लागत नाही, पण दहा फेऱ्या लागतात. हंगामी मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबात, विशेषतः काम नसलेल्या महिन्यांत, निवड मोळीच्या बाजूने होते.

## सद्यःस्थितीतील प्रश्न

वर्धा जिल्ह्यातील सरपणाची व्यवस्था एकाच वेळी अनेक बाजूंनी आकुंचित होत आहे. पऱ्हाटी अळीच्या नियंत्रणासाठी शेतातून लवकर हटवावी लागते, धुऱ्यावरची झाडे यंत्राने पूर्ण तोडली जात आहेत, झुडपी जंगल व वनक्षेत्रावर कायद्याचे निर्बंध आहेत आणि जंगलाच्या कडेला वाघाचा वावर आहे. यांपैकी प्रत्येक बदलामागे स्वतंत्र व बहुधा रास्त कारण आहे. मात्र त्या सर्वांचा एकत्रित भार स्वतःची जमीन नसलेल्या आणि गॅस भरण्यास नियमित पैसे नसलेल्या कुटुंबांवर पडतो.

धुऱ्यावर बाभूळ, सुबाभूळ व इतर जळाऊ जातींची लागवड, झाड बुंध्यापासून न तोडता फांद्यांची छाटणी, निस्तार हक्कांच्या अद्ययावत नोंदी, जनावरे असलेल्या घरांसाठी गोबरगॅस आणि गॅस भरण्यासाठी हप्त्याने पैसे देण्याची सोय हे उपाय या संदर्भात चर्चिले जातात. गोबरगॅसमुळे शेणातून इंधन व खत दोन्ही मिळतात. मात्र ट्रॅक्टरच्या प्रसारामुळे बैलांची व गाईंची संख्या कमी झालेल्या घरांत पुरेसे शेण उपलब्ध होत नाही. साखळी करवतही स्वतःहून झाडाला घातक नाही: वाळलेले वा पडलेले लाकूड कापण्यास व योग्य उंचीवर छाटणी करण्यास तिचा तितकाच उपयोग होतो.